राहिलेली एक खूण

१

हौसाच्या घरावरचं जुनं गवत उतरून झालं होतं, नवं अजून चढायचं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी महिपत सुतार शिडी उतरून खाली आला. हातातली लाकडी चकती त्याने उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "ही माझ्या हातची नाय. ही खूण खोटी हाय."

वरची माणसं होती तिथे थांबली. मग एकेकाने करगोट्याला बांधलेली आपापली चकती सोडून बघितली. सकाळी कामाला हात लावण्याआधी हौसाने त्या वाटल्या होत्या. बघता बघता निम्मे लोक खाली उतरले, आणि ज्यांच्या चकत्या खऱ्या होत्या तेही उरलेल्यांचं तोंड बघत उतरले. वैशाख सरत आला होता, पाऊस तोंडावर होता, आणि हौसाची चूल, उतरंड, देवांचा कोनाडा असं सगळं घर आकाशाखाली उघडं पडलं होतं.

मीही खळ्यातच उभा होतो. खुणांची कल्पना माझी, आणि आपली कल्पना दुसऱ्याच्या घामाने फळाला येताना बघायला कोणाला आवडत नाही?

करंबेळी हे रत्नागिरीहून खाडी उतरून गेल्यावर लागणारं गाव. मी १९३२ साली दापोलीकडून तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून आलो. गावात सावड पूर्वीपासून होती: तू माझं शेत लाव, मी तुझं लावतो. पण सावडीला परतफेड लागते. हौसाचा नवरा मुंबईच्या गोदीत कामाला गेला आणि तिथेच तापाने वारला. तिच्याकडे नांगर नाही, बैल नाही. आजारी माणसाचं करण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक तिला बोलावत, ती जाई, माणूस उठून बसे, आणि मग "देव तुझा भला करील" म्हणून तिला वाटेला लावत. देवावर इतकी कामं टाकणं काही बरं नव्हे, असं माझं मत पडलं.

म्हणून खुणा काढल्या. वाघजाईच्या देवरहाटीत, म्हणजे देवीसाठी राखलेल्या रानात, एक जुना फणस वाऱ्याने पडला होता. महिपतने त्याच्या लाकडाच्या रुपयाएवढ्या चकत्या पाडल्या, गिरमिटाने त्यांना भोकं पाडली आणि देवळात सगळ्यांसमोर तापल्या ठशाने डाग दिला. अर्ध्या दिवसाच्या कामाला एक खूण. विहिरीतला गाळ काढला, पाखाडीच्या पायऱ्या दुरुस्त केल्या, आजाऱ्याला डोलीतून खाडीवरच्या तरीपर्यंत पोचवलं, तर खूण शाळेच्या कपाटातून मी द्यायची. घरच्या कामाला मदत घेतली, तर ती घरधन्याने द्यायची. ठसा देवळातल्या पेटाऱ्यात, देवीच्या रूप्याच्या मुखवट्यांशेजारी, आणि पेटाऱ्याची किल्ली गावचे मानकरी काशीराम गावकर यांच्या कमरेला. देवळातली झाडलोट, दिवाबत्ती तेवढी खुणेत धरायची नाही असं काशीरामदादांनीच ठरवलं, कारण त्यापोटी गुरवाला देवीचं शेत होतंच. मलाही ते वाजवी वाटलं.

"भोक बघा," महिपत म्हणाला. "गिरमिटाचा भोक साफ असतो. हा सळई तापवून जाळलाय. आतनं काळा हाय."

काशीरामदादांनी चकती नखाने खरवडली आणि हौसाकडे बघितलं. "कुठनं आणल्यास?"

"लोकांनी दिल्या त्या मी माळेत ओवल्या," हौसा म्हणाली. "माझ्याकडं ठसा कुठला?"

"ठसा कुठला ता मागाहून बघू. तोवर तुझ्या खुणेवर कोणी काम करायचा नाय. आणि मास्तर, तुमच्या कपाटाला कुलूप घाला. हा खेळ बंद."

भागोजी गुरव कामकऱ्यांसाठी देवळातून गुळखोबरं घेऊन आला होता. त्याने ताट पायरीवर ठेवलं आणि काही न बोलता तो दिवाबत्तीला निघून गेला. बाकीचे मात्र बोलत होते, आणि त्या बोलण्यात तरीवर होडी चालवणाऱ्या फारुकचं नाव दोन-तीनदा आलं. खोट्या वस्तूसाठी खाडीपलीकडचा माणूस सापडला की गावाला बरं वाटतं.

२

आत्माराम सुर्वे रत्नागिरीच्या कोर्टात नाझर होते. जप्तीच्या निमित्ताने त्यांनी अर्ध्या जिल्ह्याची घरं आतून बघितली होती. पेन्शन घेऊन गावी आल्यावर त्यांना कामधाम नव्हतं, आणि दुसऱ्याच्या भानगडीत पडायची तेवढी हौस शिल्लक होती. गावात त्यांना नुसतं नाझर म्हणत.

त्यांनी काशीरामदादांकडून उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली आणि उघड्या घरात हौसासमोर पाटावर बसले. हौसा भांडी गोणपाटाखाली झाकत होती.

"नाय शाकारला घर, तर काय करशील?" त्यांनी विचारलं.

"भावाकडं जायन. परळला. त्याची एक खोली, त्यात सात माणसा." तिने हंडा उचलून कोपऱ्यात ठेवला. "एका पावसात भिंती बसतील. मग परत यायला घर कुठला?"

ती हे रडून सांगत नव्हती, म्हणून ऐकायला जास्त वाईट वाटलं.

"यंदाच्या हिवाळ्यात कोणाकोणाकडे गेलीस?"

"काशीरामदादांचा बापूस पडला व्हता, त्याच्याकडं. लाकूड तासताना महिपतच्या पायावर वाकस बसला, तेव्हा त्याच्याकडं. फारुकची भन बिल्किस बाळंत झाली, तिथं. आणि गुरवाच्या गोदाला ताप भरला, ता शिमगा उलटेपर्यंत."

"खुणा सगळ्यांनी दिल्या?"

"सगळ्यांनी."

"कोणाची कुठची ते सांगता येईल?"

"माळ तुटली व्हती मधी. परत ओवली. सगळ्या एक झाल्या."

नाझर उठले. दाराशी जाऊन, काही आठवल्यासारखं करून, परत वळले. त्यांची ही जुनी खोड होती. "सगळ्यांनी पुऱ्या दिल्या?"

हौसाने गोणपाटाची कड दुमडली. "एक येणं राहिलाय. एका घरी."

"कोणाच्या?"

"ज्याच्या घरचा आजारपण काढला, त्याचा नाव मी उधारीत घेत नाय, नाझरसायब. देणार म्हणालाय, देईल."

बाहेर आल्यावर मी नाझरांना म्हणालो, एका राहिलेल्या खुणेने काय होणार? इथे अर्धी माळ खोटी निघाली आहे.

"मास्तर," ते म्हणाले, "जो खोट्या खुणा पाडू शकतो, त्याच्याकडे एक कमी का पडावी?"

३

नाझर कोणाला 'तू केलंस का' असं कधीच विचारत नसत. इतकी वर्षं कोर्टात त्या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर ऐकलं होतं.

काशीरामदादांनी आम्हाला ओटीवर बसवलं, पानाचा डबा पुढे केला आणि कमरेची किल्ली न विचारता दाखवली. "ही अंघोळीला सुद्धा सुटत नाय."

"शिमग्याला?"

"शिमग्याला उघडतोच. रूपं काढायची, पालखीत लावायची. पालखी घरोघर फिरते, सगळा गाव पालखीबरोबर असतो. मी तर पुढं असतो."

"आणि मागे पेटारा?"

"देव घरात नाय, तर कुलूप कशाला लावायचा?" काशीरामदादा सहज बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांना ऐकू आलं. त्यांनी डबा उगाच उघडला आणि मिटला. पेटाऱ्यात यंदा मुखवट्यांखेरीज आणखी एक वस्तू होती, हे त्यांना सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं? मी पालखीपुढे नाचत होतो.

"हौसाचं तुमच्याकडे काही राहिलंय?"

"गावकराच्या घरात बायमाणसाचं येणं राहात नाय," दादा म्हणाले. त्यांना ते लागलं होतं, आणि लागलेलं खोटं वाटत नव्हतं.

महिपत अंगणात नांगर तासत होता. खोटी चकती त्याने पुन्हा हातात घेतली, हुंगली. "लाकूड तोच. देवरहाटीतला फणस. शंभर वर्सांचा झाड, असा पिवळा गाभा दुसरीकडं नाय मिळणार."

"मग तुझ्याकडचंच उरलेलं असेल."

महिपतने वाकस खाली ठेवला. "तडकलेल्या चकत्या, ढलप्या, भुसा सुद्धा झाडून मी देवळात नैवेद्याच्या चुलीपाशी टाकला. देवीचा डाग नसलेली देवरहाटीतली काडी घरी कोण नेईल, नाझरानू? घरात पोरा हायत माझी."

मी म्हणालो, एवढंसं लाकूड नेलं तर काय होतं? महिपतने माझ्याकडे दयेने बघितलं आणि वाकस पुन्हा उचलला. हौसाच्या खुणा त्याने पाय टेकला त्या दिवशीच दिल्या होत्या, आणि शेजारणीने ते पाहिलं होतं.

राहिला फारुक. होडी चिखलात ओढून तो तिच्या सांध्यांत कापूस भरत होता. आजाऱ्याला फुकट पलीकडे नेण्याबद्दल त्याला कपाटातून बऱ्याच खुणा मिळाल्या होत्या, त्यामुळे त्याच्या हातात त्या दिसणं नवल नव्हतं. पण होडीत लोखंडी सळई होती, आणि गावात तेवढ्यावर त्याचा निकाल लागला होता.

नाझरांनी सळई मागितली. फारुकने दिली. ती अंगठ्याएवढी जाड होती. खुणेच्या भोकात तिचं टोकही जाईना.

"गावात काय बोलतात, मला माहीत हाय," फारुक म्हणाला. "ह्याला देवरहाटीचा काय भेव, असं ना? साहेब, त्या झाडाखालचा पान आमच्या मोहल्ल्यात कोणी उचलत नाय. मी चकतीभर लाकूड आणला, तर माझी माय मला घरात घेणार नाय. तिला इचारा."

विचारायची गरज पडली नाही, कारण त्याची माय फातिमाबी मागेच उभ्या होत्या. "घेणारच नाय," त्या म्हणाल्या. आणि हौसाचं काही राहिलंय का, ह्यावर तर त्या चिडल्या. "बिल्किसला मुलगा झाला, त्याची खुशी म्हणून एक जास्त दिली. ती परत द्यायला आली. मी घेतली नाय."

परत येताना मी बोटांवर हिशेब केला. काशीरामदादांचं काही राहिलं नव्हतं, महिपतचं नव्हतं, फारुकचं नव्हतं. "मग कोणीच उरला नाही," मी म्हणालो. "तीन घरं, तिन्ही फिटली."

"हौसाने घरं किती सांगितली?" नाझरांनी विचारलं.

मी पाखाडीवर मधेच थांबलो. समोर देऊळ दिसत होतं, आणि भागोजी दीपमाळेपाशी पाला गोळा करत होता.

४

भागोजी गुरव हा देवळाच्या खांबासारखा होता. रोजचा असल्यामुळे तो कोणाला दिसत नसे. आम्ही गेलो तेव्हा तो सभामंडपात समईपुढे बसून वात पुढे सारत होता. वात सारायला त्याच्या हातात लोखंडाची एक बारीक सळई होती. नाझरांनी तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"गोदा कशी आहे?"

"उठून बसली. आता रांधते पण."

"यंदा शिमग्याला तू पालखीबरोबर नव्हतास."

"भावाला धाडला. हिला ताप व्हता, देवळात कोणी हवा. तिला बरी करायला हौसा बसली व्हती, म्हणून मी इथं तरी येऊ शकलो."

"हौसाला खुणा तूच दिल्यास?"

"व्हय," भागोजी म्हणाला. तो खोटं बोलला नाही. नुसता वातीकडे बघत राहिला.

नाझर खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "भागोजी, गावातला पहिला आंबा देवीला येतो. पहिली लोंबी येते. ती कुठे ठेवतोस?"

"मायच्या पायाशी."

"आणि पायाशी ठेवलेलं दुसऱ्या दिवशी?"

"ता निर्माल्य. सकाळी झाडून काढतो. नारळ, पैसा असला तर तो माझा. तसाच हक्क हाय."

"म्हणजे गाभाऱ्यात काल ठेवलेली वस्तू आज राहात नाही."

"नाय राहात."

"राहायला हवी असलेली वस्तू झाडू पोचत नाही तिथे ठेवावी लागते. मला आत येता येत नाही. देवीच्या पाषाणामागे हात घाल आणि काय आहे ते आण."

भागोजीने हातातली सळई समईपाशी ठेवली. तो उठला नाही. मला वाटलं, आता उठणारच नाही. मग तो आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर अबीर लागलेली एक खूण होती. नाझरांनी ती समईजवळ धरली. तिचं भोक आतून काळं होतं.

"उद्या सकाळी हौसाच्या खळ्यात ये," नाझर म्हणाले. "हे तू सांगितलंस तर बरं. मी सांगितलं, तर ती जप्ती होते."

"ही?" भागोजीने खुणेकडे बोट केलं.

"ती तुझी नाही. देवीची आहे. जिथे होती तिथे ठेव."

५

दुसऱ्या दिवशी सगळा गाव खळ्यात जमला. खाडीपलीकडून फारुक आणि फातिमाबीही आले होते. भागोजी आला, मागून गोदा आली, भिंतीला धरत. भागोजीला तोंड उघडता येईना, म्हणून सुरुवात नाझरांनाच करावी लागली.

"लाकूड देवरहाटीतलं," ते म्हणाले. "ते इथे कोणी घरी नेत नाही, तिकडेही नेत नाही. म्हणजे खुणा पाडल्या त्या लाकूड जिथे पडलं होतं तिथेच, देवळात. डाग खऱ्या ठशाचा. ठसा वर्षातून एकदाच उघड्यावर होता, शिमग्यात, आणि तेव्हा देवळात एकच माणूस होता. हौसाची एक खूण कोणाकडे तरी राहिली आहे. तीन घरांची फिटली. चौथ्या घराने तिला खुणा दिल्या, पण त्या घराला खूण मिळायची वाटच आपण ठेवली नव्हती. हे मास्तरांनी विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही, मलाही एक दिवस लागला. आणि एक कमी का पडली, तर पहिली पाडलेली त्या घराने देवीला वाहिली..."

"मी वाहिली," भागोजी म्हणाला. "घराने नाय. मी."

काशीरामदादा उठून उभे राहिले. "देवळात राहून असला काम? उद्यापासून देवीला हात लावायचा नाय तू."

भागोजीने मान डोलावली. ते त्याने रात्रीच गृहीत धरलं असावं. मग तो हौसाकडे वळला आणि तिलाच सांगू लागला, गाव नसल्यासारखं.

"तू रातीचा दिस केलास. गोदा जाणार म्हणून मी तुळस आणून ठेवली व्हती. तुला काय देणार मी? सगळ्यांकडं खूण, माझ्याकडं नाय. तीन वेळा देऊळ हाय, दुसऱ्याच्या कामाला जाऊ कवा? तुला नुसता 'देव तुझा भला करील' म्हणू? ता तर मी रोज सगळ्यांना म्हणतोय." तो थांबला. "तडकलेल्या चकत्या चुलीपाशी पडल्या व्हत्या. त्यातल्या बऱ्या निवडल्या. पहिली झाली ती मायकडं ठेवली. चोरीची म्हणून नाय. नवी वस्तू झाली, हात तिकडंच गेला. मग तुला एक कमी पडली. परत पाडायला गेलो, तर पालखी येताना दिसली."

 मला लाज वाटली, ती साधीच होती. देवावर कामं टाकू नयेत म्हणून मी खुणा काढल्या, आणि देवाचं काम करणाऱ्याला वगळून बसलो.

"दादा," हौसा म्हणाली. आवाज तिचा रोजचाच होता. "गोदा ती उभी हाय. ती खोटी हाय काय?"

सगळ्यांनी गोदाकडे बघितलं. ती बिचारी संकोचून पदर सारखा करू लागली. काशीरामदादा खाली बसले.

महिपतने कालची ती चकती मुठीतच आणली होती. त्याने ती उलटीपालटी केली. "भोक वाईट पाडलास, भागोजी," तो म्हणाला. "गिरमिट मागितला असतास, तर दिला असता." मग त्याने ती आपल्या करगोट्याला बांधली, गवताची पेंढी खांद्यावर टाकली आणि शिडी चढू लागला. फारुकने शिडी खालून धरली. त्याच्या मागून दुसरा चढला, तिसरा चढला. दुपारनंतर काशीरामदादाही वासे बांधायच्या दोऱ्या भिजवत बसले होते, आणि दोऱ्या कोणीच नीट भिजवत नाही म्हणून सगळ्यांना बोलत होते.

देवळाचं काम भागोजीकडेच ठेवायचं आणि ते खुणेत धरायचं, हे त्याच संध्याकाळी ठरलं. जळक्या भोकाच्या खुणा बदलून द्यायला मी शाळेत बसलो, तर एकही माणूस आला नाही. त्या तशाच गावात फिरत राहिल्या.

भागोजीला पहिली खरी खूण मी दिली, ती त्याने दोन्ही हातांनी घेतली आणि तडक देवळात नेली. मी मागून गेलो. त्याने पाषाणामागची जळकी खूण काढली, तिच्या जागी खरी ठेवली आणि नमस्कार केला. देवीला खोटी दिली होती, हे त्याला इतके दिवस टोचत असणार.

मग जळकी धोतराला पुसून तो हौसाच्या घरी गेला. ती नव्या गवताखाली चूल सारवत होती.

"एक राहिली व्हती," भागोजी म्हणाला.

हौसाने हात धुतले, खूण घेतली आणि भोकाकडे न बघता पदराच्या गाठीत बांधली.